जनरलसाहेबांचे विमान आणि भाडेकराराची पळवाट

१९९९च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या सिनेटपुढे संरक्षण खर्चाचे विधेयक होते. अब्जावधी डॉलरांच्या त्या पसाऱ्यात एक छोटे कलम होते. सैन्याच्या सर्वोच्च कमांडरांच्या प्रवासासाठी लागणारी विमाने विकत न घेता दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेण्याची मुभा हवाई दलाला द्यावी, एवढेच त्यात म्हटले होते. चर्चेत नाव होते ते लांब पल्ल्याच्या गल्फस्ट्रीम जेटचे. कॅलिफोर्नियाच्या सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी या कलमाला विरोध केला. त्यांच्या टीकेत चैनीचा मुद्दा ठळक होता: चार ताऱ्यांच्या जनरलना उद्योगपतींसारखी विमाने कशाला? सभागृहाने त्यांची दुरुस्ती फेटाळली आणि कलम टिकले.

तेव्हापासून हा वाद कुठेही निघाला, की तो याच दोन पक्षांत विभागला जातो. एका बाजूला विमानातले गालिचे मोजणारे, दुसऱ्या बाजूला भाड्यात सरकारचे पैसे कसे वाचतात हे सांगणारे. गालिच्यांची टीका लोकांना पटकन पटते, आणि म्हणूनच भाड्याच्या समर्थकांच्या ती पथ्यावर पडते. चैन नव्हे, गरज आहे, एवढे सिद्ध केले की वाद जिंकला असे त्यांना वाटते. गरज आहे हे मान्य केले तरी भाड्याचा मुद्दा जागच्या जागीच राहतो, हे मग कोणी विचारातच घेत नाही.

समर्थकांची बाजू ऐकायला बरी वाटते, म्हणून ती आधी नीट मांडायला हवी. कमांडरांची तेव्हाची विमाने बोइंग ७०७च्या कुळातली, चार इंजिनांची, साठच्या दशकातली होती. त्यांना इंधन फार लागे, सुटे भाग मिळता मिळत नसत, आवाजही कानठळ्या बसवणारा. नवे व्यापारी जेट तेच काम दोन इंजिनांवर करते, त्याची दुरुस्ती जगातल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर होऊ शकते. ते एकरकमी विकत घेतले तर एका वर्षाच्या अंदाजपत्रकाला खिंडार पडते. भाड्याने घेतले तर दर वर्षी ठरावीक हप्ता, आणि तोही जुन्या विमानांच्या देखभालीतून वाचलेल्या पैशात परस्पर भागतो. गरज संपली की विमान परत करायचे. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा खोटा आहे, आणि पहिल्याच्या आडून तो खपवला जातो.

गरजेबद्दल फार वाद घालण्यात अर्थ नाही. १९८६च्या गोल्डवॉटर-निकल्स कायद्याने अमेरिकेच्या प्रादेशिक कमांडरांच्या हाती भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्हींची सूत्रे दिली. तेव्हा त्यांना ‘कमांडर-इन-चीफ’ म्हणत. २००२मध्ये संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी ही पदवी फक्त राष्ट्राध्यक्षांची असल्याचे बजावून ती काढून घेतली. पदवी गेली तरी पसारा उरला. पॅसिफिक (आता इंडो-पॅसिफिक) कमांडचे मुख्यालय हवाई बेटांवर, आणि तिच्या वाट्याला पृथ्वीचा जवळजवळ अर्धा पृष्ठभाग. होनोलुलूहून दिल्ली सुमारे १२ हजार किलोमीटर. पश्चिम आशिया सांभाळणाऱ्या सेंट्रल कमांडचे मुख्यालय फ्लोरिडातल्या टँपाला. तिथून दोहाही तितकेच लांब. आफ्रिका कमांडचे मुख्यालय तर आफ्रिकेत नाहीच, जर्मनीतल्या श्टुटगार्टला आहे. असा कमांडर महिन्याचे कित्येक दिवस हवेत असणार, सोबत वीस-पंचवीस अधिकारी असणार, आणि वाटेत वॉशिंग्टनहून आलेला गोपनीय संदेश त्याला लगेच वाचता आला पाहिजे. शीतयुद्धात यासाठी ईसी-१३५ ही विमाने होती. ती उडती मुख्यालयेच होती आणि हवेतल्या हवेत इंधन भरू शकत.

२०१८च्या नोव्हेंबरात जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांचे सरकारी ए-३४० वाटेत बिघडले. त्या माद्रिदहून आयबेरियाच्या नेहमीच्या विमानात बसून ब्यूनोस आयर्सच्या परिषदेला पोचल्या. आभाळ कोसळले नाही. त्यामुळे मर्केल जाऊ शकतात तर जनरल का नाही, असा सवाल येतो. एका फेरीपुरता तो बिनतोड आहे. दर आठवड्याला, लवाजम्यासह, जिथे प्रवासी विमान उतरतच नाही अशा धावपट्टीवर जायचे असले की तो टिकत नाही.

मग चैनीच्या टीकेचे काय? तिच्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? १९९४मध्ये जनरल जोसेफ अॅशी बदलीच्या जागी रुजू होण्यासाठी इटलीतून कोलोरॅडोला निघाले, ते सी-१४१ या मालवाहू विमानातून. दोनेकशे सैनिक मावतील अशा त्या जेटमध्ये जनरल, त्यांच्या मदतनीस आणि त्यांचे मांजर. खर्च लाखभर डॉलरहून जास्त झाला. सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि जनरलना पाच हजारांच्या आसपास डॉलर भरावे लागले. भाड्याचे समर्थक ही गोष्ट मोठ्या आवडीने सांगतात. योग्य आकाराचे विमान हाताशी असते तर असा अव्यापारेषु व्यापार झाला असता का, असे ते विचारतात.

झाला असता. आफ्रिका कमांडचे पहिले प्रमुख जनरल विल्यम वॉर्ड यांच्याकडे योग्य आकाराची विमाने होती. तरी २०१२च्या चौकशीत सरकारी विमानांचा खासगी वापर, पत्नीचा प्रवास, कामापेक्षा मुक्काम लांबलेले दौरे असे बरेच काही निघाले. संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनी त्यांचा एक तारा काढला आणि ८२ हजार डॉलर परत भरायला लावले. त्याआधी २००८मध्ये वेगळाच प्रकार उघडकीस आला होता. मालवाहू विमानांत बसवण्यासाठी वरिष्ठांच्या आरामाच्या खोल्या तयार होत होत्या, आणि त्यांचा खर्च दहशतवादविरोधी मोहिमेच्या निधीतून काढण्याची खटपट चालली होती. खुर्च्यांचे चामडे तपकिरी आहे, ते हवाई दलाच्या निळ्या रंगाचे हवे म्हणून झालेल्या बदलांना ६८ हजार डॉलर लागले. म्हणजे स्वतंत्र विमान असो, मालवाहू विमानातली खोली असो, ज्याला चैन करायची तो करतोच. तिला आवर घालायला नियम लागतात, ते मोडणाऱ्याला शिक्षा लागते. विमान भाड्याचे की मालकीचे याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तेव्हा गालिचे बाजूला ठेवून हिशेबाच्या वहीकडे वळलेले बरे.

विमान कंपन्या विमाने भाड्याने घेतात, मग सरकारने का घेऊ नयेत? हा समर्थकांचा लाडका प्रश्न. आज जगातल्या प्रवासी विमानांपैकी निम्म्याच्या आसपास भाड्याची आहेत, हे खरेच. पण विमान कंपनी भाड्याने का घेते ते पाहावे. तिला बँक चढ्या व्याजाने कर्ज देते. भाड्याने विमाने देणाऱ्या बड्या कंपनीला तेच कर्ज स्वस्तात मिळते. शिवाय मार्ग बंद पडतात, प्रवासी घटतात, ताफा बदलावा लागतो. तिचे विमान वर्षाला तीन हजार तासांहून अधिक उडते आणि झपाट्याने जुने होते. सरकारच्या बाबतीत यातले प्रत्येक कारण उलटे फिरते. अमेरिकी सरकारच्या खजिन्याइतके स्वस्त कर्ज भाड्याने विमाने देणाऱ्या कुठल्याही कंपनीला मिळत नाही. त्यामुळे मध्ये जो कोणी भाडे देणारा उभा राहील, तो जास्त व्याजाने पैसे उभारणार, त्यावर आपला नफा लावणार आणि दोन्ही सरकारकडूनच वसूल करणार. या साखळीत बचत कुठून येईल? जुन्या विमानांच्या देखभालीत वाचणारा पैसा पुढे केला जातो, पण तो तर नवे विमान विकत घेतले तरी वाचतोच. तो भाड्याच्या खात्यावर जमा करणे ही निव्वळ हातचलाखी आहे.

सैन्य विमान किती वर्षे वापरते तेही पाहण्यासारखे आहे. केनेडींच्या काळात, १९६२मध्ये, राष्ट्राध्यक्षांसाठी आलेले बोइंग ७०७ पद्धतीचे विमान १९९८पर्यंत सेवेत होते. ३६ वर्षे! त्यानंतर ते डेटनच्या संग्रहालयात गेले. राष्ट्राध्यक्षांची जंबो विमाने १९९०पासून उडत आहेत. अशी विमाने तासांच्या हिशेबात कमी उडतात, त्यांची निगा उत्तम राखली जाते, त्यामुळे ती दशकानुदशके टिकतात. ज्याला एखादी वस्तू तीस वर्षे वापरायची आहे हे इतिहासावरून ठाऊक आहे, त्याने ती दहा वर्षांच्या भाड्याने घ्यायची आणि शेवटी रिकाम्या हाताने उभे राहायचे, याला काटकसर म्हणणे धाडसाचे आहे.

मग हवाई दलातल्या हुशार माणसांना हे कळत नव्हते का? चांगले कळत होते. भाड्याचा मोह खर्चात नाही, खर्च दिसण्यात आहे. अमेरिकेच्या केंद्रीय अंदाजपत्रकाचे नियम ‘ए-११’ नावाच्या परिपत्रकात आहेत. वस्तू विकत घेतली तर तिची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी संसदेकडून मंजूर करून घ्यावी लागते. करार खरोखरच भाड्याचा असेल तर त्या वर्षीचे भाडे आणि करार मधेच मोडल्यास द्यावा लागणारा दंड, एवढेच दाखवायचे. फरक प्रचंड आहे. एका वर्षात शेकडो दशलक्ष डॉलर मागणारा प्रस्ताव समितीपुढे उघडा पडतो. त्याला रणगाडे, जहाजे, पगार यांच्याशी झुंजावे लागते. तोच प्रस्ताव हप्त्यांत चिरला की कोणाच्या नजरेत भरत नाही.

या पळवाटेची जाणीव नियम करणाऱ्यांनाही होती. म्हणून खरे भाडे ओळखायच्या कसोट्या त्यांनी घालून दिल्या. भाड्याच्या सगळ्या हप्त्यांचे आजचे मूल्य वस्तूच्या बाजारभावाच्या ९० टक्क्यांवर जाता कामा नये. मुदत वस्तूच्या उपयुक्त आयुष्याच्या ७५ टक्क्यांहून जास्त नको. शेवटी स्वस्तात विकत घेण्याची सोय नको. आणि सर्वांत मोलाची अट: वस्तू सर्वसाधारण वापराची असावी, सरकारच्या खास मागणीनुसार बनवलेली नसावी, आणि तिला खासगी बाजारात गिऱ्हाईक असावे.

कमांडरांचे विमान नेमके या शेवटच्या अटीवर अडखळते. अमेरिकी हवाई दलाचे सी-४०बी घ्या. मूळ विमान बोइंग ७३७-७००, बाजारात सर्रास मिळणारे. विमान कंपनी त्यात सव्वाशेहून जास्त माणसे बसवते. हवाई दलाच्या विन्यासात तिशीच्या आत-बाहेर माणसे बसतात. प्रमुखांसाठी झोपायची सोय असलेला वेगळा कक्ष, कर्मचाऱ्यांची विश्रांतीची जागा, दोन स्वयंपाकघरे, पोटात जादा इंधनाच्या टाक्या, आणि या सगळ्याहून महत्त्वाची अशी गोपनीय संदेशवहनाची यंत्रणा. हवाई दल स्वतःच त्याला आकाशातले कार्यालय म्हणते. भाड्याच्या घरात स्वतःच्या पैशाने भिंती पाडून, ओटा बांधून, फरशी बदलून, वर घर सोडताना ते होते तसे करून देण्याची हमी लिहून द्यावी, तसा हा व्यवहार. गोपनीय यंत्रणा तर परत देताना उपसून काढावीच लागणार. तिचा बसवायचा खर्च सरकारचा, काढायचाही सरकारचा. आणि ही यंत्रणा बसवायची नसेल, साधेच व्यापारी विमान चालणार असेल, तर गरजेचा जो युक्तिवाद वर मान्य केला तोच कोलमडतो. गोपनीय संदेशवहन हवे म्हणून विमान हवे, आणि विमान सर्वसाधारण आहे म्हणून भाड्याने हवे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

खास सजवलेल्या विमानाला गिऱ्हाईक मिळते का, याचा धडा मेक्सिकोने स्वतःच्या पैशाने घेतला आहे. तिथल्या सरकारने राष्ट्राध्यक्षांसाठी बोइंग ७८७ घेतले, किंमत सुमारे २१.८ कोटी डॉलर. व्यवहार बानोब्रास या सरकारी बँकेमार्फत दीर्घ मुदतीच्या भाडेकराराचा, आणि भाडेकरू संरक्षण खाते. विमान २०१६मध्ये सेवेत आले. २०१८च्या डिसेंबरात आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर निवडून येऊन पदावर बसले आणि त्यांनी त्यात पाऊल ठेवायलाच नकार दिला. विमान कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलच्या वाळवंटात विक्रीसाठी उभे राहिले. महिने गेले, वर्ष गेले. शयनकक्ष असलेले ड्रीमलायनर कोणाला हवे होते? ते पुन्हा प्रवासी विमान करायचे म्हटले तर तो खर्चच डोक्यावरून पाणी. अखेर २०२०मध्ये सरकारने विमानाच्या नावाने पाचशे पेसोंची लॉटरी काढली. बक्षीस रोख, विमान नव्हे. ते विकले गेले २०२३मध्ये, जेव्हा ताजिकिस्तानने ते सुमारे ९.२ कोटी डॉलरना घेतले. ‘गरज संपली की परत करू’ असे म्हणणाऱ्यांनी ही कहाणी सवडीने वाचावी. परत घेणारा असले विमान घेतो तेव्हा त्या तोट्याची किंमत त्याने भाड्यात आधीच धरलेली असते.

अमेरिकेत या पळवाटेचा कळस झाला तो इंधनवाहू विमानांच्या प्रकरणात, आणि त्याचा कमांडरांच्या विमानांशी संबंध दिसतो त्याहून जवळचा आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर प्रवासी विमानांच्या मागण्या गडगडल्या, बोइंगने हजारो कामगार कमी करण्याचे जाहीर केले. त्याच हिवाळ्यात संरक्षण खर्चाच्या कायद्यात ८१५९ क्रमांकाचे कलम घुसले. १०० बोइंग ७६७ विमाने इंधनवाहू म्हणून भाड्याने घेण्याची परवानगी त्यात होती, आणि तिच्या शेपटाला बांधलेली चार बोइंग ७३७, मान्यवरांच्या प्रवासासाठी. चार विमानांवर कोणी बोलायला तयार नव्हते, कारण शंभर विमानांचा डोंगर पुढे उभा होता. सिनेटर जॉन मकेन मात्र दोन्हींवर तुटून पडले.

इंधनवाहू ७६७ला खासगी बाजारात गिऱ्हाईक कोण? हवेत दुसऱ्या लढाऊ विमानांना इंधन पाजणारे विमान कुठली पर्यटन कंपनी घेणार? तरी कागदोपत्री तो भाडेकरारच राहावा म्हणून एक स्वतंत्र विश्वस्त संस्था उभारायची, तिने कर्जरोखे काढून बोइंगकडून विमाने घ्यायची आणि हवाई दलाला भाड्याने द्यायची, अशी कसरत आखली गेली. संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने २००३मध्ये आकडेमोड करून स्वच्छ सांगितले की ही मूलतः सरकारचीच खरेदी आहे, आणि थेट खरेदीपेक्षा अब्जावधी डॉलरांनी महाग. पुढे प्रकरण फुटले आणि भाड्याची योजना रद्द झाली. हवाई दलाच्या खरेदी विभागातल्या वरिष्ठ अधिकारी डार्लीन ड्रुयन वाटाघाटी करता करताच बोइंगमध्ये नोकरीची बोलणी करत होत्या. बोइंगला जास्त भाव कबूल केला, ती जणू निरोपाची भेट होती, हे त्यांनी कोर्टात मान्य केले. २००४मध्ये त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली, त्यांना नोकरी देणारे बोइंगचे वित्तप्रमुख मायकेल सीअर्स यांना २००५मध्ये चार महिन्यांची. प्रमुख कार्यकारी फिल कॉन्डिट यांनी आधीच राजीनामा दिला होता. २००६मध्ये बोइंगने तडजोडीपोटी ६१.५ कोटी डॉलर भरले.

यावर समर्थकांचे एक उत्तर आहे, आणि ते त्यांचे सर्वांत वजनदार उत्तर आहे. ते म्हणतात, करार मोडून काय मिळवले? पहिले नवे इंधनवाहू विमान, केसी-४६, हवाई दलाच्या हाती पडले ते २०१९च्या जानेवारीत. तोवर आयझेनहॉवरच्या काळातली केसी-१३५ विमाने रेटत राहावी लागली. भाड्याने घेतली असती तर दहा-बारा वर्षे आधी नवी विमाने मिळाली असती. उशीर झाला हे नाकारता येणार नाही. पण तो कोणामुळे? २००१मध्येच हवाई दलाने उघडपणे खरेदीचा प्रस्ताव आणला असता, स्पर्धा लावली असती आणि किंमत सांगितली असती, तर एवढ्या वर्षांचा घोळ कशाला झाला असता? वाट चुकवायला घेतलेल्या आडवाटेवर गाडी चिखलात रुतली, आणि दोष मात्र चिखल दाखवणाऱ्याला. शिवाय स्पर्धा नसल्याने भाव पाडायला कोणी नव्हते. ड्रुयनबाईंची ‘भेट’ त्या अंधारातच शक्य झाली. हप्त्यांच्या बंद कागदात मूळ किंमत कोण शोधत बसणार, हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. मकेन नसते तर तो खपूनही गेला असता.

ब्रिटनचा दाखला दोन्ही बाजू देतात. शाही हवाई दलाने २००१पासून चार सी-१७ मालवाहू विमाने बोइंगकडून सात वर्षांच्या भाड्याने वापरली. युरोपचे नवे मालवाहू विमान येईपर्यंतची ती तात्पुरती सोय होती आणि गरज तातडीची होती. तेवढ्यापुरता निर्णय समजण्यासारखा आहे. पण मुदत संपल्यावर विमाने परत गेली नाहीत. २००८मध्ये तीच विकत घेतली गेली, वर आणखीही. म्हणजे भाडेही दिले आणि किंमतही. दुसरा दाखला जास्त बोलका आहे. २००८मध्ये १४ एअरबस ए-३३० विमानांसाठी एअरटँकर या खासगी कंपनीशी २७ वर्षांचा, साडेदहा अब्ज पौंडांचा करार झाला. विमाने कंपनीची, वापर हवाई दलाचा. सरकारी लेखापरीक्षकांनी २०१०च्या अहवालात म्हटले की पैशाचे मोल मिळाले हे संरक्षण खाते दाखवू शकलेले नाही. अफगाणिस्तानसारख्या धोक्याच्या हवाई क्षेत्रात उडायला वैमानिकांच्या कक्षाला जे संरक्षण लागते ते करारात नव्हतेच, आणि युद्ध तर त्याच वेळी अफगाणिस्तानात चालू होते. भाड्याच्या करारात पंचवीस वर्षांची गरज एकदाच लिहून टाकावी लागते. मधे जग बदलले तर प्रत्येक बदलाचे बिल वेगळे. याच ताफ्यातले एक विमान २०१५मध्ये एक कोटी पौंड खर्चून पंतप्रधान, मंत्री आणि राजघराण्याच्या प्रवासासाठी सजवायचे ठरले. पुढे २०२०मध्ये त्याला देशाच्या झेंड्याचे रंग द्यायला नऊ लाखांच्या आसपास पौंड गेले. वृत्तपत्रांनी अर्थातच रंगावर रकाने भरले. साडेदहा अब्जांच्या करारापुढे ते नऊ लाख म्हणजे दर्या में खसखस.

भाडे हा शब्द निघाला की हात झटकावेत, असा मात्र इथला आग्रह नाही. जी वस्तू विकत मिळतच नाही, जी थोड्याच काळापुरती हवी आहे, किंवा जिचा धोका मालकाच्या अंगावर टाकणे शहाणपणाचे आहे, तिथे भाडे योग्यच. याची चांगली उदाहरणे भारतातच आहेत. अणुपाणबुडी भारताला कोणी विकत देत नव्हते, म्हणून रशियाकडून ‘आयएनएस चक्र’ २०१२ ते २०२१ भाड्याने आली आणि नौदलाच्या माणसांना तिच्यावर प्रशिक्षण मिळाले. २०२०मध्ये नौदलाने दोन सीगार्डियन ड्रोन भाड्याने घेतली. त्यांतले एक २०२४च्या सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात पडले, आणि त्याची भरपाई करणे कंपनीच्या माथी आले. हवेत इंधन घेण्याच्या सरावासाठी २०२५मध्ये मेट्रिया या कंपनीचे एक केसी-१३५ हवाई दलाने चालकांसह भाड्याने घेतले. बेल्जियमने मान्यवरांच्या प्रवासासाठी दोन फाल्कन जेट भाड्याने घेतली आहेत. लहान देश, दौरे मुख्यतः युरोपातले, तेव्हा त्याचे गणित वेगळे बसू शकते. या प्रत्येक ठिकाणी भाडे का, याला एक विशिष्ट उत्तर आहे. ‘या वर्षी पैसे दाखवायचे नाहीत’ हे त्यांपैकी कशाचेही उत्तर नाही.

भारतासाठी हा विषय आता परका राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीत खरेदी आणि निर्मिती यांच्या जोडीला भाडे हा तिसरा मार्ग अधिकृतपणे आला. मोठ्या सुरुवातीच्या भांडवली खर्चाऐवजी ठरावीक हप्ते, हे त्याचे कारण त्या कागदातच दिले आहे. वॉशिंग्टनमध्ये जी भाषा वापरली गेली ती हीच. ए-११मधल्या कसोट्या असूनही त्या तिथे पाळल्या गेल्या नाहीत. इथे तर त्या किती कठोर असाव्यात यावर चर्चाही फारशी झालेली नाही. तिन्ही दलांच्या एकत्रित थिएटर कमांड उभ्या करण्याचा विचार बरीच वर्षे चालू आहे. त्या आल्या की त्यांचे प्रमुख पुण्याच्या दक्षिण कमांडच्या किंवा मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडच्या आजच्या प्रमुखांपेक्षा जास्त फिरतील. लडाखपासून अंदमानपर्यंत आणि त्यापुढेही. तेव्हा त्यांच्यासाठी गोपनीय संदेशवहन असलेली लांब पल्ल्याची विमाने मागितली जातील, आणि ती मागणी रास्त असेल. कोणीतरी मग सांगेल की विकत घेण्यापेक्षा दहा वर्षांच्या भाड्याने घेऊ, लोकांच्या डोळ्यांवर येणार नाही.

पालमच्या तळावरच्या हवाई दलाच्या संपर्क तुकडीकडे राष्ट्रपती, पंतप्रधान आणि इतर मान्यवरांसाठी तीन बोइंग ७३७ बिझनेस जेट आहेत. २००५मध्ये मागणी नोंदवली, २००९मध्ये ती आली, किंमत ९०० कोटी रुपयांहून अधिक. पुढे २०२०मध्ये लांब पल्ल्याची दोन ७७७ आली, तेव्हा सुमारे ८,४०० कोटींच्या आकड्यावरून संसदेत आणि रस्त्यावर भरपूर आरडाओरडा झाला. काही टीका रास्त होती, काही निव्वळ राजकारणाची. पण वाद घालायला सर्वांच्या हातात एक आकडा होता. थिएटर कमांडरांच्या विमानांचा प्रस्ताव येईल तेव्हा तो भाड्याचा असला तरी त्यासोबत चार आकडे पहिल्याच दिवशी संसदेच्या स्थायी समितीपुढे आले पाहिजेत: सगळ्या हप्त्यांची बेरीज, तेच विमान थेट घेतल्यास पडणारी किंमत, गोपनीय यंत्रणा बसवण्या-काढण्याचा खर्च आणि करार मधेच मोडल्यास द्यावी लागणारी रक्कम. हे आकडे देण्यात कुठलेही लष्करी गुपित फुटत नाही. जे खाते ते द्यायला का-कू करेल, त्याला भाडे का हवे आहे हे समितीने तिथेच विचारून घ्यावे.